चोवीस शेंगदाणे

1994 च्या जूनमध्ये माझा बारावीचा निकाल लागला आणि घरात माझ्याविषयी तीन मतं तयार झाली. आई म्हणे, डी.एड. कर, दोन वर्षांत हातात नोकरी. मामा म्हणे, बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा देता येतील. वडिलांना मात्र मी वकील व्हायला हवी होते. गावाकडच्या बांधाचा दावा नऊ वर्षं चालला होता. वकिलांची फी, एसटीचं भाडं आणि कोर्टाबाहेरचा चहा यांचा हिशेब ते एका जुन्या डायरीत मांडून ठेवत. घरचाच वकील झाला तर डायरीतला निदान एक रकाना कमी होईल, असा त्यांचा सरळ विचार. आमच्या वकीलसाहेबांनी त्यांना वाटही सांगून ठेवली होती : “राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करू दे. राज्यघटना आधीच होऊन जाते, पुढे सोपं पडतं.”

मला विचारलंच नव्हतं कुणी. विचारलं असतं तर मीही राज्यशास्त्रच म्हणाले असते. शाळेत वक्तृत्वाचे दोन कप मिळाले होते आणि वकील म्हणजे उभं राहून बोलणारा माणूस, एवढीच माझी समजूत होती.

सातारला यादोगोपाळ पेठेतल्या एका वाड्यात आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. समोरच्या सोप्यात अण्णा राहत. आमच्या नात्यातले नव्हेत. अख्खा वाडाच त्यांना अण्णा म्हणे. जिल्ह्यातल्या निरनिराळ्या कोर्टांत कारकुनी करून शेवटी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. वर्तमानपत्र हातात आलं की पहिलं पान सोडून आतल्या जाहीर नोटिसा आधी वाचायचे. कोण जमीन घेतंय, कुणाचा मूळ दस्त गहाळ झालाय, कुणाची हरकत येणार, हे त्यांना गावाआधी कळे. कायद्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण तीसेक वर्षं वकिलांचे कागद त्यांच्या टेबलावरून गेले होते. त्यातले किती कागद दुरुस्तीसाठी परत गेले, तेही त्यांच्या लक्षात होतं.

राज्यशास्त्राची बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी मला हाक मारली. “वकील होणार म्हणतेस. म्हणजे काय करणार?”

“केस लढवणार.”

“लढवणार म्हणजे?”

“बोलणार. युक्तिवाद करणार.”

अण्णांनी चष्मा काढून पुसला. “मंगळवारी साडेदहाला तयार राहा. वही आण.”

त्या मंगळवारी त्यांनी मला जिल्हा न्यायालयात नेलं आणि दिवाणी न्यायाधीशांच्या दालनात शेवटच्या बाकावर बसवलं. काम एकच. वकील किती मिनिटं बोलतात आणि किती मिनिटं कागद बघतात, ते लिहायचं. दीड वाजेपर्यंत मी लिहीत होते. पट्टेवाल्याने चाळीसच्या वर पुकारे दिले. त्यातले निम्म्याहून जास्त मुदतीच्या अर्जावर आटोपले. अर्ज, ‘म्हणणे द्यावे’, पुढची तारीख, रोजनाम्यात एक ओळ, संपलं. माझ्या कल्पनेतला युक्तिवाद म्हणाल तर त्या दिवशी सतरा मिनिटांचा झाला. बाकी सगळा वेळ वकील मंडळी खाली मान घालून कागद उलटत होती.

एक उलटतपासणी मात्र बघायला मिळाली. वकील चांगले नाव असलेले, आवाज भारदस्त. हातात फेरफाराची नक्कल धरून त्यांनी साक्षीदाराला विचारलं, “ही जमीन तुमच्या वडिलांनी खरेदी केली होती, हे खरं आहे का?” साक्षीदार गोंधळून ‘हो’ म्हणाला. वकीलसाहेबांनी विजयी चेहऱ्याने आमच्याकडे, म्हणजे बाकांकडे, पाहिलं. न्यायाधीशांनी हात पुढे करून नक्कल मागितली, वाचली आणि शांतपणे म्हणाले, “यात तर वारसाने लिहिलंय.” खरेदीचा फेरफार त्याच नकलेत, पण खालचा होता. तो दुसऱ्याच गटाचा.

बाहेर चिंचेखाली उसाचा रस पिताना अण्णा म्हणाले, “कायदा माहीत नाही असा वकील मला फारसा भेटला नाही. कागद वाचता येत नाही असा रोज भेटायचा.”

मग त्यांनी जे सांगितलं, ते मी त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्याच वाक्याचं ऋण मी आजवर वागवते आहे. “राज्यघटना तुला एलएल.बी.ला शिकवणारच आहेत. करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण, पुरावा, सगळं तिथे आहे. जे पुढे तीन वर्षं शिकायचंच आहे, ते आधी तीन वर्षं कशाला शिकतेस? जे पुन्हा जन्मात कुणी शिकवणार नाही, ते आता घे.”

बारावीनंतर थेट पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रमही तेव्हा होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाचे वर्ग 1988 पासून त्याच पद्धतीने सुरू झाले होते. पण बंगळुरू आमच्या घरात कुणी नकाशाबाहेर पाहिलं नव्हतं. आमच्यापुढचा रस्ता आधी बी.ए. आणि मग तीन वर्षं कायदा, हाच. तीन वर्षांच्या एलएल.बी.ला कोणत्याही शाखेची पदवी चालते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. गंमत अशी, की ‘कोणतीही चालते’ म्हटल्यावर सगळे जण एकाच दाराशी गर्दी करतात.

अण्णांनी तीन विषय सांगितले. इतिहास, तर्कशास्त्र, मराठी. शिवाय चौथा, हिशेब. कॉलेजात संख्याशास्त्र मिळालं तर ते घे, नाही तर संध्याकाळी कुणाकडे तरी जमाखर्च शीक. वडिलांना हे पटेना. ते म्हणाले, “अण्णा, इतिहास घेऊन पोरगी मास्तरीण होईल, वकील कशी होईल?” यावर अण्णांनी टिळकांना बोलावलं. टिळकांची बी.ए. गणितात, 1877 ची, एलएल.बी. त्यानंतर दोन वर्षांनी. बाबासाहेबांनी कोलंबियात अर्थशास्त्र केलं आणि बॅरिस्टर पुढे झाले. पां. वा. काणे संस्कृतचे, वकिलीही केली आणि धर्मशास्त्राचा इतिहासही लिहिला. वडील गप्प बसले. थोरामोठ्यांची नावं अशी अंगावर घालणं हा खरं तर युक्तिवाद नव्हे. तर्कशास्त्राच्या पहिल्याच महिन्यात मला ते कळलं. पण वडिलांच्या बाबतीत तो लागू पडला.

चौथ्या विषयाला मी नाक मुरडलं. आकडे बघितले की माझ्या पोटात गोळा यायचा. अण्णा काही बोलले नाहीत.

ताईचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं होतं आणि आषाढासाठी ती माहेरी आली होती. एका दुपारी ती सोप्यावर बसून सुपात शेंगा फोडत होती. अण्णा वर्तमानपत्र घेऊन आले. सुपातले मूठभर शेंगदाणे त्यांनी उचलले, कागदावर ठेवले आणि मला म्हणाले, “चोवीस मोज.”

मोजले.

“सांगलीकडचा एक माणूस 1960 साली मेला. एकत्र कुटुंब. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. बायकोने वाटणीचा दावा लावला. तिचा हिस्सा किती?”

मी म्हणाले, सहा माणसं, म्हणजे चार-चार.

“अशी घाई करायची नाही. आधी असं समज, की मरायच्या क्षणी त्याने स्वतःच वाटणी केली. वाटणीला बसणार कोण? तो, त्याची बायको, दोन मुलगे. मुली नाहीत. त्या तेव्हा सहदायाद नव्हत्या. किती वाटे?”

चार. सहा-सहा शेंगदाण्यांच्या चार ढिगल्या मी कागदावर केल्या.

“आता त्याची ढिगली उचल. हा त्याचा वारसा. याला मात्र सगळे वारस. बायको, दोन मुलगे, तीन मुली. सहा दाणे, सहा माणसं.”

एकेक दाणा वाटला. बायकोचे सहा अधिक एक, सात. मुलांचे सात-सात. मुलींच्या समोर एकेक दाणा.

“सात चोविसांश,” अण्णा म्हणाले. “खालच्या कोर्टाने बाईला नुसता एक चोविसांश दिला होता. वारशाचा दाणा दिला, वाटणीची ढिगली विसरले. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने सात चोविसांशच बरोबर ठरवला. सहा दाण्यांसाठी सोळा वर्षं. आता सांग, हा कायदा आहे की गणित?”

मी गणिताबद्दल काहीच बोलले नाही. मी विचारलं, “मुलीला एकच?”

ताईचा शेंगा फोडणारा हात थांबला होता.

अण्णांनी वर्तमानपत्र आमच्यापुढे सरकवलं. महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात केलेली दुरुस्ती 22 जून 1994 पासून लागू झाली होती. मुलगीही मुलाप्रमाणे जन्माने सहदायाद. फक्त, या तारखेच्या आधी जिचं लग्न झालं आहे तिला ते लागू नाही. अण्णांनी हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुणासमोर वाचतो आहोत. मे आणि जून. मधे पाच आठवडे. एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या आम्ही दोघी, मी ढिगलीतली झाले आणि ताई एका दाण्याची राहिली.

ताई म्हणाली, “असू दे. शेंगदाणे द्या इकडे, कूट करायचंय.”

त्या ‘असू दे’ला उत्तर देणारा विषय बी.ए.च्या कुठल्याच यादीत नव्हता. पण मी वकील व्हायचंच हे त्या दुपारी माझं मी ठरवलं.

तर्कशास्त्राच्या वर्गात आम्ही नऊ जण होतो. सरांचा आवाज बारीक होता आणि ते ‘सर्व’ आणि ‘काही’ या दोन शब्दांवर आठवडेच्या आठवडे घालवायचे. व्याख्या अतिव्याप्त कधी होते, अव्याप्त कधी होते, हे त्यांनी आमच्याकडून घोटून घेतलं. पुढे ‘मालमत्ता’, ‘कब्जा’, ‘कुटुंब’ असल्या शब्दांच्या व्याख्या वाचताना कायद्याचे विद्यार्थी जिथे ठेचाळतात, तिथे मला ते बारीक आवाजातले प्रश्न ऐकू यायचे : यात कोण बसतं? कोण बाहेर राहतं? ज्याने हे लिहिलं त्याला कोण आत हवं होतं? इतिहासाने दुसरी खोड लावली. एकाच घटनेची दोन बखरींतली दोन वर्णनं समोर ठेवायची आणि कोण कधी लिहीत होता, कुणाच्या ताटातलं खात होता, हे आधी विचारायचं. साक्षीदार तपासण्याची रीत याहून निराळी ती काय!

मराठीचं महत्त्व उशिरा कळलं. 1998 मध्ये राज्य सरकारने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना काढली आणि इंग्रजीत मजकूर सांगायची सवय झालेल्या बऱ्याच मंडळींची पंचाईत झाली. ‘कैफियत’ आणि ‘म्हणणे’ यांत फरक काय, ‘ताबा’ लिहायचं की ‘कब्जा-वहिवाट’, हे मला विचारायला येणारे माझ्याहून वीस वर्षांनी मोठे होते.

खरं शिक्षण मात्र रात्री जेवणानंतर सोप्यावर व्हायचं. अण्णांनी मला मोडी शिकवली. त्यांच्याकडे एक बांधीव वही होती. डावीकडे मोडी अक्षर, उजवीकडे बाळबोध, आणि खाली त्यांच्या हातच्या सूचना : ‘हे आणि हे सारखे दिसते, पुढचे अक्षर बघून ठरवावे.’ मोडीत शब्द सुटे नसतात, ह्रस्व-दीर्घाचा हिशेब फारसा नसतो, रेघ आधी ओढून अक्षरं तिला टांगतात. सुरुवातीला मला तो मुंग्यांचा रस्ता वाटे. तीन हिवाळे गेले तेव्हा कुठे रस्ता दिसू लागला.

त्या वहीने मला 2001 साली पहिली कमाई दिली. मी तेव्हा ज्युनिअर होते. 1976 मध्ये लावलेला एक दावा वरून फेरसुनावणीसाठी परत आला होता. आमच्या पक्षकाराचं म्हणणं, आजोबांनी 1938 साली जमीन गहाण टाकली होती. समोरच्याचं म्हणणं, विकली होती. दस्त मोडीत. फायलीत एक जुनं लिप्यंतर होतं आणि सगळे त्याच्यावरच भांडत होते. त्यात साधी खरेदी होती. इथे एक मेख आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1929 ची दुरुस्ती आहे : खरेदीच्या रूपातलं गहाण म्हणायचं असेल तर परत देण्याची अट त्याच दस्तात असली पाहिजे. वेगळ्या चिठोऱ्यावर असून भागत नाही. मी मूळ दस्त बघायला मागितला. समोरच्या मजकुरात खरोखरच काही नव्हतं. पण पान उलटल्यावर साक्षीदारांच्या सह्यांच्या वर, आक्रसून लिहिलेली दीड ओळ होती. लिप्यंतर करणाराने ती सह्यांचा भाग समजून सोडली होती. मी ती अक्षर अक्षर लावली. त्यात ‘मुदत’ होती आणि ‘माघारी’ होतं.

सीनिअरांनी ती दीड ओळ न्यायालयापुढे फार सुंदर मांडली. माझं नाव कुठे आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. मी संध्याकाळी अण्णांकडे गेले. ते थकले होते, ऐकू कमी यायचं. मी दीड ओळ कागदावर मोडीत लिहून दाखवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, “तुझा ‘घ’ अजून वाईट आहे.”

हिशेबाचं मात्र मी ऐकलं नाही आणि त्याचे पैसे मोजले. स्वतंत्र वकिली सुरू केल्यावर एका वसुलीच्या दरखास्तीत मी हुकूमनाम्यानंतरच्या रकमेवर चक्रवाढीने व्याज लावलं. हुकूमनाम्यात सरळ व्याज होतं, सहा टक्के. समोरच्या वकिलाने भर कोर्टात कागदावर बेरीज करून दाखवली. दरखास्त दुरुस्तीला गेली, दोन तारखा फुकट, आणि पक्षकार शेतकरी, तो तालुक्याहून एसटीने येणारा. त्याने मला काही म्हटलं नाही. मला माझ्या वडिलांची डायरी आठवली. तेव्हापासून आकड्यांचा कागद मी दुसऱ्याकडून तपासल्याशिवाय दाखल करत नाही. संख्याशास्त्र अजूनही आलेलं नाही.

अण्णा 2004 मध्ये गेले. वही माझ्याकडेच आहे.

हल्ली ऑफिसात बारावीची मुलं आणि त्यांचे पालक येतात. आता पाच वर्षांचा रस्ता ठळक झाला आहे. महाराष्ट्रातच तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत, 2016 पासून राज्याची सीईटी आहे. पदवीकडून जाणाऱ्यांना मेजर-मायनरची नवी भानगड आहे. ‘मॅडम, लॉसाठी बेस्ट मेजर कोणता?’ असा प्रश्न येतो. प्रवेशासाठी पदवीला खुल्या गटात पंचेचाळीस टक्के लागतात, एवढंच नियमाचं उत्तर. माझं स्वतःचं मत विचाराल तर, राज्यशास्त्र मनापासून आवडत असेल तर जरूर घ्यावं. सोपं पडेल म्हणून घेऊ नये. शेतीची पदवी घेऊन आलेला एक मुलगा माझ्याकडे ज्युनिअर होता. पीकपाहणीच्या वादात तो माझ्याहून चांगले प्रश्न विचारायचा. बी.कॉम. झालेली एक मुलगी आज माझे सगळे व्याजाचे कागद तपासते. पालकांचं समाधान यातल्या कशानेच होत नाही. मग मी मुलाला मंगळवारी साडेदहाला वही घेऊन यायला सांगते. निम्मे येतात.

वडील 2019 मध्ये गेले. तोवर कायदा बदलला होता. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती लग्नाच्या तारखेची अट पुसली होती. ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आला : मुलीचा हक्क जन्माने, वडील दुरुस्तीच्या दिवशी हयात असोत वा नसोत. त्या रात्री मी स्वयंपाकघरातून चोवीस शेंगदाणे आणले आणि सांगलीचं ते कुटुंब पुन्हा मांडलं. या वेळी वाटणीला बसले सात जण. बाप, आई, दोन मुलगे, तीन मुली. चोविसाला साताने भाग जाईना आणि मी नेहमीप्रमाणे अडकले. मग कागदावर घेतलं. प्रत्येकी एक सप्तमांश, बापाच्या सप्तमांशाचे सहा भाग, प्रत्येकी एक बेचाळिसांश. बेरीज सात बेचाळिसांश, म्हणजे एक षष्ठांश. चोविसातले चार-चार. 1994 च्या त्या दुपारी घाईघाईने मी जे उत्तर दिलं होतं आणि अण्णांनी चूक ठरवलं होतं, तेच.

आमच्या जमिनीला वारस लावायचं काम टाळेबंदीमुळे रखडलं होतं. पुढच्या वर्षी आई, दादा, ताई आणि मी असे चौघे तलाठी कार्यालयात गेलो. भाऊसाहेबांनी अर्ज घेतला, नावं वाचली आणि पद्धतीप्रमाणे ताईकडे बघून विचारलं, “तुमचं हक्कसोडपत्र करायचंय ना?”

ताई म्हणाली, “नाही.”

भाऊसाहेबांनी चार नावं लिहिली.